नागराजाचे घरटे

कर्नाटकातील आगुंबे येथील वर्षावनात नागराज (किंग कोब्रा) सहसा समोर दिसत नाही. आधी त्याचे घरटे सापडते. पावसाळ्याच्या तोंडावर मादी अंगाच्या वेटोळ्यांनी पालापाचोळा ओढून ढीग रचते आणि त्यात वीस-तीस अंडी घालते. सापांमध्ये असे घरटे बांधणारा हा एकमेव. बाहेर धो धो कोसळत असले तरी आत अंडी कोरडी राहतात, ही कारागिरी थक्क करणारी आहे. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ साली येथे संशोधन केंद्र उभारले. पुढे रेडिओ ट्रान्समीटर बसवून नागराजांचा माग काढण्यात आला. तरीही खरे संरक्षण गावकऱ्यांच्याच हाती आहे. गोवा-सिंधुदुर्गातही नागराज आढळतो. तिथे पाचोळ्याचा असा ढीग दिसल्यास तो पेटवू नये, हलवू नये, वनखात्याला कळवावे.