सकाळचा एक तास

दुधाची पिशवी दातांनी फोडायची वेळ आली, तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. नेरूळच्या आमच्या घरात पहाटे साडेपाचला गॅस पेटतो. ह्यांचा डबा, मुलीचा डबा, दोघांची लोकल ठरलेली. आणि नेमकी त्याच वेळी माझी बोटं लाकडासारखी. मूठ वळत नाही, कुकरचं झाकण लागत नाही, पोळी लाटताना मनगटातून कळ येते. अकरापर्यंत हात मोकळे होतात. मग दुपारी मंडळातल्या बायका म्हणतात, ‘‘तुम्ही तर छान दिसताय की!’’ दुखतं तेव्हा बघायला कुणी नसतं, ही या आजाराची गंमत. गंमत कसली म्हणा!

सहा-सात महिने मी ‘चाळिशी आली, चालायचंच’ म्हणत बाम चोळत राहिले. पण उतारवयात गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा, हा वेगळा. याला आपल्याकडे आमवात म्हणतात, डॉक्टर म्हणतात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. तिशी-चाळिशीतही होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट. बरं, हे शहरातलंच दुखणं असंही नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने १९९६ मध्ये सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण गावात घरोघरी पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढ माणसं त्यांनी पाहिली. दर दोनशे जणांत साधारण एकाला हा आजार निघाला. म्हणजे तुमच्या आळीतही कुणीतरी पहाटे बोटं चोळत बसलेली असणार.

मैत्रिणींनो, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, बोटांचे सांधे सुजत असतील, तर महिनोन् महिने वाट बघू नका. आर.ए. फॅक्टरची तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो, असंही नसतं. बहुतेकींना मेथोट्रेक्सेट देतात. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून मी कॅलेंडरवर दर रविवारी लाल खूण करते. अधूनमधून रक्त तपासावं लागतं. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलायचं. आणि ‘एका पुडीत आराम’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. आराम पडतो तो त्याचा, आणि हाडं ठिसूळ होतात तीही त्यानेच.

गोळ्या घेणं त्या मानाने सोपं. तोंड उघडणं अवघड गेलं. ‘मला सकाळचा एक तास द्या’ हे वाक्य मी मनात किती दिवस घोळवलं असेल! सांगितल्यावर हे एवढंच म्हणाले, ‘‘आधी का नाही बोललीस?’’ सासूबाईंना मात्र पटलं नाही. बाईने बसून कसं चालेल? आपल्याकडे सोसण्याचं फार कौतुक. पण सोसण्याच्या नादात माझ्या उजव्या हाताचं एक बोट वाकडं झालं, ते आता सरळ होत नाही. हे मी त्यांना बोट दाखवूनच सांगितलं. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत.

आता कणीक रात्रीच मुलगी मळून ठेवते. पातेलं मी बोटांनी न उचलता दोन्ही तळव्यांवर तोलते. पिशवी बोटांत न लटकवता खांद्याला. बादली अर्धीच भरायची, कपडे पिळायचे नाहीत, निथळू द्यायचे. चमच्याच्या दांड्याला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळली, जाड झाल्यावर पकडायला बरं पडतं. आणि साडेपाच ते साडेसहा कोमट पाण्यात हात बुडवून, बोटं हळूहळू उघडत-मिटत मी बसून असते.

पोळ्या हे करतात. अजून एकही गोल झालेली नाही. पण परवा सासूबाई ओट्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘अरे, लाटणं इतकं दाबू नकोस.’’