हमीपत्रातील बारीक अक्षरे

विजयादशमीचा मुहूर्त साधून २०२२ साली घेतलेली आमची लहानशी मोटार २०२४ च्या मृगात कुरकुरू लागली. आरंभी तो आवाज इतका नाजूक होता, की सौभाग्यवतीने तो पाठीमागे ठेवलेल्या डब्याचा म्हणून सोडून दिला. पुढे पुढे धारगळच्या उतारावर, कोलवाळच्या पुलाच्या सांध्यांवर आणि अस्नोड्याच्या गतिरोधकांवर डाव्या अंगाने स्पष्ट ‘टक् टक्’ ऐकू येऊ लागले. पेडण्याहून डिचोलीला शाळेत जाण्यायेण्याचा माझा हा नित्याचा रस्ता. त्यामुळे कोणत्या खळग्यात ती किती वेळा बोलते, हेही मला पाठ झाले.

गाडीला दोन वर्षे अथवा चाळीस हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोवरची हमी होती. वीस महिने झाले होते आणि धाव पंचवीस हजारांची होती. तेव्हा चिंतेचे कारण नाही, अशा समजुतीने मी गाडी विक्रेत्याच्या कार्यशाळेत नेली. तेथील तरुण सल्लागार मोठ्या अदबीने वागला. वातानुकूलित खोलीत चहा आला, दोन तासांनी गाडी आली आणि ‘काम समाधानकारक झाले’ या ओळीखाली मी सही केली. गाडी चालवून न पाहताच केली. मुलांना उत्तरपत्रिका पुन्हा एकदा वाचून मगच द्या असे तीस वर्षे सांगत आलेल्या माणसाने ही सही केली, हे येथे कबूल केले पाहिजे.

घरी येऊन जॉब कार्ड वाचले. ‘पुढील बाजूस आवाज. तपासले. वंगण दिले. ठीक.’ एवढाच मजकूर होता. तथापि या चार तुटक वाक्यांतील पहिले वाक्य पुढे माझ्या कामी आले. जुलैत पुन्हा गेलो; या वेळी बोल्ट आवळून दिले. आठ दिवस शांततेत गेले आणि नवव्या दिवशी कोलवाळच्या पुलावर आवाज पूर्ववत सुरू झाला.

आमच्या वाड्याजवळ एक वृद्ध मेस्त्री आहे. त्याच्याकडे गाडी नेली, तेव्हा त्याने अंगाखाली गोणपाट घालून विजेरीच्या उजेडात खालून पाहिले आणि बाहेर येऊन हात पुसत म्हटले, “सर, हांवें हात लायलो जाल्यार तीं म्हणटलीं, तुमींच मोडलें.” बाहेरच्या कारागिराने एखादा भाग उघडला, की त्या भागाची हमी संपली असे म्हणावयास कंपनी मोकळी होते, हे त्याला पुरते ठाऊक होते. आपल्या हातचे काम त्याने अशा रीतीने दुसऱ्याच्या पदरात टाकले. मात्र त्याने मला खाली वाकवून दोन गोष्टी दाखविल्या. डाव्या शॉक ॲब्सॉर्बरच्या नळकांड्यावर तेलाचा ओघळ होता व त्यावर धूळ बसून काळा चिखल झाला होता. आणि खालच्या आडव्या भुजेच्या टोकाशी जो रबरी बुश असतो, त्याला चीर गेली होती. मी दोन्हींची तारखेसह छायाचित्रे घेतली.

येथे थोडे यंत्राविषयी. गाडीचा भार पेलते ती स्प्रिंग. शॉक ॲब्सॉर्बर भार पेलत नाही. खळग्यात दबलेली स्प्रिंग पुनःपुन्हा उसळत राहू नये म्हणून तो तिला आवरतो. त्याच्या पोटात तेल असते आणि दट्ट्या खालीवर होताना ते तेल बारीक छिद्रांतून वाट काढते. त्या अडवणुकीत उसळीचा जोर मरतो. वरच्या तोंडाशी असलेले सील निकामी झाले, की तेल बाहेर झिरपते आणि आतला दट्ट्या नुसता आपटू लागतो. बुशाचे काम वेगळे. लोखंडाला लोखंड भिडू नये म्हणून मध्ये घातलेली ती रबराची गादी होय. आता प्रश्न असा, की तेल झिरपणे हा वस्तूचा दोष आणि रबर फाटणे ही वापरातली झीज, की दोन्ही दोष, की दोन्ही झीज? सारा तंटा या एका प्रश्नावर उभा होता.

चतुर्थी आटोपून १० सप्टेंबरला तिसऱ्यांदा गेलो. हमी संपावयास पंचवीस दिवस उरले होते. या खेपेस दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर व दोन्ही भुजा बदलाव्या लागतील, खर्च १६,७०० रुपये, आणि हे हमीत बसत नाही, असे सांगण्यात आले. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “सर, गोव्याचे रस्ते तुम्ही पाहताच ना!”

रस्ते मी पाहतो. पेडण्यात महामार्गाच्या रुंदीकरणाचे वळसे वर्षानुवर्षे भोगले आहेत. डिचोलीकडे तर खनिजवाहू ट्रकांनी रस्त्यांचे काय करून ठेवले होते, हे २०१२ व २०१८ साली खाणी बंद पडण्यापूर्वी ज्यांनी त्या भागात प्रवास केला त्यांना सांगावयास नको. परंतु ही गाडी मला गोव्यातच विकली होती. ती विकताना ‘गोव्याच्या रस्त्यांवर चालवू नये’ अशी अट कोणी घातली नव्हती. मी एवढेच विचारले, की हमीपत्रातील कोणत्या कलमान्वये आपण नकार देता, ते लिहून द्यावे. ‘बाहेरील आघात’ असे तोंडी उत्तर आले. आघात म्हणावा, तर चाकाची कड कोठे वाकलेली नाही, टायरला काप नाही, भुजा सरळ आहे. आघाताने केवळ सीलच तेवढे फुटावे आणि शेजारपाजारच्या कशालाही धक्का लागू नये, हे मला पटेना. ते लिहून द्यावयासही कोणी तयार होईना.

शिक्षककक्षात हा विषय निघताच एका उत्साही सहकाऱ्याने सल्ला दिला, की नवी गाडीच मागा. ही सूचना कानाला गोड वाटली, तरी कायद्याला धरून नव्हती. १९३० च्या माल विक्री कायद्याने ‘अट’ आणि ‘हमी’ यांत भेद केला आहे. अटीचा भंग झाला तर माल नाकारता येतो; हमीचा भंग झाला तर नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. २००६ साली मारुती उद्योग आणि एक ग्राहक यांच्यातील क्लचच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने हेच धोरण ठेवले. हमीपत्रात सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलून देण्याची जबाबदारी लिहिली असेल, तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही, असा त्याचा आशय. म्हणून मागणी भागापुरतीच ठेवली. अवाजवी मागणी केली, की समोरच्याला आपली वाजवी मागणीही टाळता येते.

गाडीवाचून माझे चालत नव्हते. तेव्हा काम करून घेतले, पैसे भरले. पण बिलावर व जॉब कार्डावर ‘हमीतील काम असताना रक्कम आकारली, हरकत नोंदवून भरणा करीत आहे’ असे स्वहस्ते लिहूनच सही केली. सल्लागाराचा चेहरा उतरला. काढलेले जुने भाग मी मागून घेतले. ते देण्यास प्रथम टाळाटाळ झाली. बदललेला भाग ज्याच्या ताब्यात राहील त्याच्याच हाती पुरावा राहतो, हे ध्यानात घेऊन मी तेथून हललो नाही. अखेर पोत्यात गुंडाळलेले ते तेलकट लोखंड डिकीत आले.

त्याच आठवड्यात विक्रेत्यास व निर्मात्यास एकच पत्र रजिस्टर टपालाने धाडले. जून, जुलै व सप्टेंबरची तीन जॉब कार्डे, छायाचित्रे आणि बिल सोबत जोडले. मुद्दा एकच मांडला: तक्रार जूनमध्ये, हमी चालू असताना नोंदलेली आहे आणि ती कधी दूर झालीच नाही, मग दोष सप्टेंबरमध्ये ओळखला गेला, याचा भुर्दंड मजवर का? तीस दिवसांत संयुक्त तपासणी न झाल्यास पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन, हेही लिहिले.

ही धमकी पोकळ नव्हती. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली व तो जुलै २०२० पासून अमलात आला. नव्या कायद्यातील एक सोय आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. तक्रारदार जेथे राहतो अथवा नोकरी करतो, तेथील आयोगाकडेही आता तक्रार करता येते. बडोद्यास घेतलेली गाडी बदलीनंतर हुबळीस बिघडली, तर बडोद्याचे खेटे घालावे लागत नाहीत. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क पडत नाही. त्यावर दहा लाखांपर्यंत ते दोनशे रुपये आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीवर नोंद करता येते. मी ती केली. मात्र निर्मितीतील दोष सिद्ध करण्याचे ओझे बहुधा ग्राहकावरच येते, आणि तज्ज्ञाच्या अहवालावाचून पुष्कळ तक्रारी तेथे लंगड्या पडतात. माझ्या पोत्याचे महत्त्व यासाठी.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात निर्मात्याचा अभियंता आला. गृहस्थ मितभाषी होते. त्यांनी जुना डावा शॉक ॲब्सॉर्बर उभा धरून दाबला. तो खाली गेला तो वर आलाच नाही. सील सदोष असल्याचे त्यांनी मान्य केले, आणि हे भाग जोडीनेच बदलावे लागतात म्हणून उजव्याचीही किंमत. मग त्यांनी हमीपुस्तिका उघडून माझ्यापुढे ठेवली. रबरी भागांची हमी एक वर्ष अथवा वीस हजार किलोमीटर एवढीच होती. अक्षरे बारीक होती खरी, पण होती. दोन वर्षे ती पुस्तिका गाडीच्या खणात पडून होती आणि मी ती एकदाही शेवटपर्यंत वाचली नव्हती. तेथे मी वाद घातला नाही.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास १०,२०० रुपयांचा धनादेश आला. भुजांचे ५,२०० व त्यांच्या मजुरीचे १,३०० माझ्याकडे राहिले. सल्लागाराला पुढच्या भेटीत जॉब कार्डावर ‘चालवून पाहिले’ हे शब्द लिहावयास लावले आणि तो शेजारच्या आसनावर बसून कोलवाळच्या पुलापर्यंत आला. चिरलेले बुश असलेल्या दोन्ही भुजा मेस्त्री मागून घेऊन गेला. त्याच्याकडे शिकावयास आलेल्या पोराला दाखविण्यासाठी म्हणाला.