तुकडा कुठे गेला?

धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर बैठक संपली तरी एक बाई मागे रेंगाळली. वय 36, पिशवी काढून 9 वर्षं झालेली. कॅरीबॅगेत जपून ठेवलेले कागद तिने माझ्यापुढे ओतले. सोनोग्राफी, औषधांच्या पावत्या, घरी सोडल्याची चिठ्ठी. अंगावरून पांढरं जायचं म्हणून ती दवाखान्यात गेली होती. "कॅन्सर व्हईल म्हणले, मग काढली." मी कागद दोनदा चाळले. काढलेली पिशवी कुणी तपासल्याचा रिपोर्ट त्यात नव्हता.

मैत्रिणींनो, 2019 मध्ये बीड जिल्ह्यात झालेल्या सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. मुकादमाची उचल, खाड्याचे कापलेले पैसे, फडावर न पाणी न आडोसा, यावर आपण पुष्कळ बोललो आणि बोलायलाच हवं. पण काढलेल्या पिशवीचं पुढे काय झालं, हे आपणही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीराच्या तुकड्यात नेमक्या कोणत्या पेशीत बसला आहे, हे दाखवणारी एक पद्धत आहे, 'इन सिटू हायब्रिडायझेशन'. म्हणजे जागच्या जागी जोडी लावणं. जनुकाचे दोन धागे एकमेकांना नेमके जुळणारे असतात. विषाणूच्या धाग्याला जुळेल असा धागा प्रयोगशाळेत बनवायचा, त्याला रंगाची खूण लावायची आणि तुकड्याच्या पातळ कापावर सोडायचा. फाटलेल्या लुगड्याचा काठ काठाशीच जुळावा, तसा तो आपल्या जोडीदारालाच जाऊन चिकटतो. सूक्ष्मदर्शकाखाली तेवढ्याच पेशी रंगून दिसतात. ही पद्धत 1969 मध्ये अमेरिकेत जोसेफ गॉल आणि त्यांची विद्यार्थिनी मेरी लू पार्ड्यू यांनी मांडली. विद्यार्थिनीचं नाव मुद्दाम लिहिते आहे.

जोडीच्या याच तत्त्वावरची, फक्त मुखावरचा स्राव घेऊन करायची एचपीव्ही तपासणी आपल्या शेजारच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून हजारो बायकांवर झाली. 2009 मध्ये निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले, तपासणी न दिलेल्या गटात 64. (त्या दुसऱ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, हे भांडण वेगळं आहे आणि ते मला मिटलेलं वाटत नाही.) म्हणजे बालाघाटाच्या पलीकडे विषाणूचा शोध चालू होता, आणि अलीकडे नुसत्या 'कॅन्सर' या शब्दावर पिशव्या निघत होत्या.

ही महागडी तपासणी प्रत्येकीची करा, असं माझं म्हणणं नाही. बहुतेक वेळा साधी पॅथॉलॉजीची तपासणीच पुरते. शंका उरली तरच पुढची पायरी. पण तुकडाच बादलीत गेला तर पहिली पायरीही नाही. म्हणून मागणी साधी आहे: काढलेली प्रत्येक पिशवी तपासणीला गेलीच पाहिजे, आणि रिपोर्ट मराठीत, बाईच्या हातात, नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या नव्हे. खर्चाचं कारण कुणी सांगू नये. ऑपरेशनसाठी उचल घेऊन पैसे भरणाऱ्या बाईला ते सांगणं निर्लज्जपणाचं आहे.

"ताई, माझ्या पिशवीत काय व्हतं, आता कळंल का?" तिने विचारलं. तुकडा मेणाच्या वडीत घालून ठेवला असता, तर इतक्या वर्षांनीही त्याचा काप काढून पाहता आला असता. मी तिला तसं सांगितलं. तिने कागद परत कॅरीबॅगेत भरले, गाठ मारली. पुढच्या बैठकीला जावेला घेऊन येते म्हणाली, तिलाही पिशवी काढायला सांगितली आहे.