गाडी जुनी, धाव नवी

बैलगाडीच्या चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्टीला आपल्याकडे 'धाव' म्हणतात. या शब्दाइतका नेमका शब्द टायरला दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असे मला वाटत नाही. तुंबा, आरे, आस हे सगळे ठाकठीक असले तरी धाव सैल झाली की गाडी धावायची नाही. उन्हाळ्यात लाकूड आक्रसले की धाव निसटू लागते. मग ती गोवऱ्यांच्या विस्तवात लाल होईपर्यंत तापवायची, चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचे. झिजली तर नवी घडवायची, पण त्याच रुंदीची आणि त्याच घेराची. धाव बदलली म्हणून आजोबांची गाडी आजोबांची राहिली नाही, असे कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

हे सारे आठवायला निमित्त झाले ते एका मोटारीचे. मासवणच्या पुलाकडून वाघोबा खिंडीच्या दिशेने येताना रस्त्याच्या कडेला एक लाल, बुटकी, दोन माणसांची उघडी मोटार कलून उभी होती. तारांच्या आऱ्यांची चाके, लांब नाक, चकचकीत बंपर. साठीच्या दशकातील एम.जी.बी. आमच्या रस्त्यावर वाळूचे ट्रक, कारखान्यांचे टेंपो आणि एस.टी. पाहायची सवय, तेव्हा बघ्यांची गर्दी जमली यात नवल नाही. मागचे एक चाक फुटले होते. टायरची नक्षी मात्र अगदी कोरी! मालक पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अहो, हा अस्सल त्या काळातला टायर आहे. कधी वापरलेलासुद्धा नव्हता."

टायरवाल्याने चाक उताणे केले, बाजूची भिंत अंगठ्याने दाबली, वाकवली. बारीक भेगांचे जाळे उमटले. कडेला कोरलेला तीन आकडी शिक्का त्याने दाखवला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, वापरला नाही म्हणून काय झालं? न वापरता पण म्हातारा होतोच ना!"

या एका वाक्यात जुन्या मोटारींच्या शौकिनांत चालणाऱ्या मोठ्या वादाचे सार आले आहे असे मला वाटते. जुन्या स्पोर्ट्स मोटारीला टायर कोणते घालावेत? त्या काळचे, की आजचे? वरवर पाहता हा मूठभर श्रीमंतांच्या हौसेचा प्रश्न. आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी त्यात का पडावे? कारण प्रश्न टायरचा दिसला तरी आहे तो जतनाचा. जुने राखायचे म्हणजे नेमके काय राखायचे?

या वादात दोन पक्ष आहेत. पहिला शुद्धतावाद्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, ऐतिहासिक नाटकातल्या मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसले तर प्रेक्षक हसतात. मग 1962 सालच्या मोटारीला आजचे रुंद, बुटके टायर पाहून हसू का येऊ नये? हा मुद्दा केवळ दिसण्याचा नाही. त्या काळचे टायर क्रॉस-प्लाय बांधणीचे होते. त्यांतील दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात. रेडियल टायरात दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे, सरळ जातात आणि जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली वेगळा पट्टा असतो. मिशेलिन कंपनीने रेडियलचे पेटंट 1946 मध्ये घेतले आणि 1949 पासून ते टायर बाजारात आणले. आपल्याकडे मोटारींचे रेडियल टायर बनू लागले ते 1977 मध्ये, जे.के. कंपनीकडून. म्हणजे साहागंजच्या डनलॉपने (1936) किंवा भांडुपच्या सीएटने (1958) सुरुवातीच्या दशकांत मोटारींना जे टायर पुरवले ते क्रॉस-प्लाय. वळणावर क्रॉस-प्लायची पकड हळूहळू, सांगून सवरून सुटते. रेडियल अधिक घट्ट धरतो, पण सुटतो तेव्हा एकाएकी. जुन्या मोटारीच्या स्प्रिंगा, सुकाणू आणि चाकांचे कोन त्या पहिल्या स्वभावाला धरून बसवलेले असतात. बैलगाडीला रबरी टायर आले तेव्हा जुनी चाके काढून नवी अडकवली एवढ्यावर भागले नाही. आस बदलला, बेअरिंगे आली, साटा बदलला आणि तिला लोक 'डनलॉप गाडी' म्हणू लागले. चाक आणि गाडी यांचे लग्न लागलेले असते, हेच खरे.

दुसरा पक्ष सोयवाद्यांचा. ते म्हणतात, बाजारात जे मिळते ते घाला आणि गाडी चालवा. त्यांची अडचण खोटी नाही. जुन्या मापांचे टायर परदेशांत आजही नव्याने ओतले जातात. अमेरिकेत कोकर, इटलीत पिरेली, फ्रान्समध्ये मिशेलिन या कंपन्या जुन्या नक्षीचे टायर आजच्या रबरात बनवतात. हॉलंडच्या फ्रेडेस्टाइनचा 'स्प्रिंट क्लासिक' दिसायला साठीतला आणि आतून रेडियल. आणि ही कंपनी 2009 मध्ये आपल्या अपोलो टायर्सने विकत घेतली, ही गंमत! पण ते इथे आणायचे कसे? जून 2020 मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात खुल्या यादीतून काढून निर्बंधित केली. चार टायरांसाठी परवान्याचा खटाटोप कोण करणार? मग पालघर-बोईसरच्या दुकानात फळीवर जे असेल तेच चाकावर चढते.

मात्र सोयीची किंमत मोजावी लागते, आणि ती साध्या गणिताने दाखवता येते. चौदा इंची चाकावर 165 मापाचा, 80 टक्के उंचीचा टायर चढवला तर त्याचा व्यास सुमारे 620 मिलिमीटर भरतो. त्याच चाकावर 185 मापाचा, 60 टक्के उंचीचा बुटका टायर चढवला तर व्यास होतो 578. गाडी 21 मिलिमीटरने जमिनीकडे झुकली. मासवणपासून पालघरपर्यंत किती गतिरोधक तिच्या पोटाला लागतील ते मोजा! वेगाचा काटा 80 दाखवील तेव्हा खरा वेग 75 च्या आसपास असेल. इंजिन मात्र प्रत्येक किलोमीटरला सात टक्के जास्त फिरेल. शिवाय रुंद टायरमुळे उभ्या गाडीचे सुकाणू फिरवताना खांदे भरून येतील ते वेगळेच. तारांच्या चाकाला ट्यूब अटळ असते, कारण आऱ्यांच्या भोकांतून हवा झिरपते. आणि ट्यूबविना चालणाऱ्या टायरच्या आतील खरखरीत भाग ट्यूबला घासून तिचे आयुष्य खातो.

मग कौल कोणाला द्यायचा? माझे मत असे की, दोघांचेही अर्धे खरे आहे आणि दोघेही एक गोष्ट विसरतात. टायर हा मोटारीचा मर्त्य भाग आहे. पत्रा, लाकूड, चामडे नीट राखले तर शंभर वर्षे टिकते; रबर टिकत नाही. हवेतील प्राणवायू त्याला आतून कडक करतो, मग गाडी धावो की झाकून ठेवलेली असो. म्हणूनच नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर टायर बदला, असा सल्ला बड्या कंपन्याच देतात. टायरच्या भिंतीवर सन 2000 पासून चार आकडी शिक्का असतो : '2319' म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. शिक्का तीन आकडी असेल तर तो टायर गेल्या शतकातला, हे टायरवाल्याने एका नजरेत ओळखले. त्या मोटारीचा मालक इतिहासाचा मान राखत होता खरा. पण मान राखायच्या नादात त्याने इतिहासाचे प्रेत रस्त्यावर पळवले.

तेव्हा कालोचित टायर म्हणजे जुना टायर नव्हे. घाट जुना, रबर ताजे, हे माझे सूत्र. माप आणि उंची मूळचीच हवी. बांधणी शक्यतो मूळची. ज्याला मनोरच्या हमरस्त्यावर ट्रकांच्या रांगेतून रोज गाडी काढायची आहे त्याने मूळ उंचीचा रेडियल घेतला तर मी त्याला दोष देणार नाही. पण एका आसावर एकच जात. मागे क्रॉस-प्लाय आणि पुढे रेडियल तर कधीच नको. वळणावर मागचा भाग आधी सुटेल. 'त्या काळचे' म्हणजे नेमके कोणत्या काळचे, हेही तपासावे. एम.जी.बी. निघाली तेव्हा तिला क्रॉस-प्लाय होते, पुढे तिलाच रेडियल आले. गोव्यात 1998 च्या सुमारास बनू लागलेल्या 'सॅन स्टॉर्म'ला उद्या कोणी हौसेने क्रॉस-प्लाय चढवले, तर तेही सोंगच ठरेल.

कायदा याबाबत काय सांगतो? जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा अशी अट घातली, रोजच्या वापराला मनाई केली आणि क्रमांकात 'व्ही.ए.' ही अक्षरे दिली. त्या अटीत टायरचे नाव नाही. म्हणजे हा निर्णय मालकाच्या विवेकावर सोडलेला आहे. विवेकाला एवढेच सांगावेसे वाटते की, गाडी तुमची असली तरी रस्ता सगळ्यांचा आहे. त्या दिवशी मागचे चाक फुटले तेव्हा शाळा सुटायला अर्धा तास होता. अर्ध्या तासाने त्याच कडेने दप्तरे पाठीला लावून पोरे चालत गेली.

आमच्याकडे गावोगाव देवळांचे जीर्णोद्धार होतात. कुठे काळ्या दगडावर ऑइल पेंट फासतात, तर कुठे 'जुन्याला हात लावायचा नाही' म्हणून मोडकी तुळई डोक्यावर तशीच लोंबकळत ठेवतात. पहिल्यात जुनेपण मरते, दुसऱ्यात भक्त. गावच्या सुताराला विचारा : तो सडलेली तुळई काढील, त्याच जातीच्या लाकडाची, त्याच मापाची नवी घालील आणि अमुक साली बदलली हे लपवणार नाही. मोटारीच्या मालकांनीही एवढे करावे. काय बदलले ते प्रदर्शनात पाटीवर लिहावे. त्यात कमीपणा नाही.

ती लाल मोटार शेवटी टेंपोवर चढून मुंबईला गेली, कारण तिच्या डिकीतला जादा टायरही त्याच वयाचा निघाला. जाताना टायरवाल्याने फुटलेला टायर मागून घेतला. आता तो त्याच्या दुकानाच्या दारात पडून आहे. त्यात माती भरून त्याने तुळस लावली आहे. त्या टायरची खरी जागा रस्त्यावर नव्हती, एवढे मात्र त्याला कोणी शिकवावे लागले नाही.