शालेय वाहनांच्या मागच्या बाजूला बसणाऱ्या मुलांबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
जिल्हा स्कूल बस सुरक्षितता समिती, कोल्हापूर

विषय : शालेय व्हॅन व रिक्षांमधील जादा फळ्या आणि डिकीतील बैठका कायमच्या काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील आमची यापूर्वीची पत्रे (पोचेच्या प्रती सोबत).

महोदय,

आम्ही राजारामपुरी, सम्राटनगर, आर. के. नगर, पाचगाव, कळंबा आणि उचगाव भागांतील पालक. आमची मुले रोज व्हॅन आणि रिक्षाने शाळेला जातात. नियम आपणास आमच्याहून चांगले ठाऊक आहेत, म्हणून कलमे आणि शासन निर्णयांचे क्रमांक लिहून आपला वेळ घेत नाही. आमच्या आधीच्या पत्रांची सुरुवात 'राजर्षी शाहूंच्या या नगरीत' अशी होती, तेही या वेळी गाळले आहे. ती पत्रे ज्या कार्यालयांत दिली त्यांची नावेही इथे लिहीत नाही. पोचेवरचे शिक्के स्वच्छ उमटले आहेत.

मुख्य तक्रार व्हॅनमधल्या फळीची आहे. व्हॅनच्या शेवटच्या सीटमागे, सामान ठेवायच्या जागेत, गॅसची टाकी बसवलेली असते. तिच्यावर प्लायवूडची फळी, फळीवर बोटभर फोम, वर रेक्झिन. या फळीवर पहिली-दुसरीतली चार-पाच मुले मागे तोंड करून बसतात. त्यांचे गुडघे मागच्या दरवाजाला टेकलेले असतात आणि हा दरवाजा आतून उघडत नाही. धरायला दांडी नाही, पट्टा तर नाहीच. ब्रेक लागला की मुले एकमेकांच्या दप्तराचे पट्टे धरतात. मागून एखादी गाडी येऊन धडकली, तर पहिला मार त्या गुडघ्यांवर बसणार आणि टाकी तेवढ्याच अंतरावर असणार. यापुढचे लिहवत नाही.

मागची काच उघडत नाही. मार्च लागला की दुपारच्या सुट्टीला मुले घामाने निथळून घरी येतात. कुणाला मळमळले तर पुढे ओरडून सांगावे लागते, आणि पुढे मोठ्याने गाणी चालू असतात. बरे, या जागेवर लहानांनाच का बसवतात? कारण ती तिथे मावतात आणि तक्रार करत नाहीत. सातवी-आठवीतली मुले नीट सीट धरून बसतात. सर्वांत लहान मुलाच्या वाट्याला गाडीतली सर्वांत धोक्याची जागा येते, आणि हे रोज शाळेच्या फाटकासमोर, सगळ्यांच्या देखत होते.

याबाबत आम्हाला पहिले उत्तर मिळाले ते 'गाड्या पासिंग झालेल्या आहेत' असे. पासिंगच्या दिवशी फळी मालकाच्या घरी असते, साहेब. चार बोल्ट सोडवले की ती निघते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते. फळी काढली तरी पत्र्यातली बोल्टची भोके राहतात. ती पाहायची असतील तर वाकून पाहावे लागते, एवढेच. छायाचित्रे जोडली आहेत.

दुसरे उत्तर 'आठ दिवसांत मोहीम घेतो' असे होते. ते जूनमध्ये, शाळा नुकत्याच सुरू झाल्या असताना मिळाले. ऑगस्टमध्ये विचारले तर गणपतीचा बंदोबस्त होता. दिवाळीनंतर निवडणुकीचे काम, पुढे मार्चअखेर. एप्रिलमध्ये सांगण्यात आले की आता परीक्षा आहेत, नंतर सुट्टीच लागेल, तेव्हा नव्या वर्षी पाहू. मोहीम अजिबात झाली नाही असे म्हणणार नाही. दोन दिवस सकाळी तपासणी झाली, पावत्या फाडल्या, वर्तमानपत्रात फोटो आला. पण जप्त केलेली एकही फळी आम्ही पाहिली नाही. दंड भरून गाडी फळीसह पुढे गेली. पावती फाडल्यावर ती मुले तिथेच बसून शाळेत जाणार असतील, तर तपासणी कशासाठी झाली हे आम्हाला कळलेले नाही.

उचगाव आणि सरनोबतवाडीकडच्या व्हॅन तर महामार्ग ओलांडून येतात. ताशी 40 किलोमीटरच्या वेगाने गाडी आदळली, तर पट्टा नसलेले मूल सुमारे सहा मीटर उंचीवरून पडल्याच्या जोराने समोरच्या वस्तूवर आपटते. महामार्गावर 40 हा वेग कुणी पाळत नाही.

मागे बसलेला माणूस सुरक्षित असतो हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. गोपीनाथ मुंडे 3 जून 2014 रोजी दिल्लीत अपघातात गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते. सायरस मिस्त्री 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात गेले, तेही मागच्याच सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. तेव्हा देशभर मागच्या पट्ट्यांची चर्चा झाली, मंत्र्यांनी निवेदने केली. आमच्या मुलांच्या व्हॅनमध्ये मूळ सीटला असलेले पट्टेही सीट कव्हरखाली गाडलेले आहेत.

रिक्षांचे थोडक्यात. मागच्या सीटसमोर आडवी फळी, रिक्षावाल्या मामांच्या दोन्ही बाजूंना एकेक मूल, दप्तरे बाहेर हुकाला लटकलेली, डावी बाजू मोकळी. पावसात रेक्झिनचा पडदा सोडला की आत वारा नाही आणि मामांना डावीकडचे दिसत नाही. कोल्हापूरच्या रिक्षावाल्यांबद्दल आम्हाला आदर आहे. मूल घरी पोहोचले की दारात आई-आजी दिसेपर्यंत थांबणारे मामा आमच्या ओळखीचे आहेत. त्यांचे म्हणणे असे की, पोरे कमी घेतली तर महिन्याचे भागत नाही. ते खरे आहे. म्हणून अंतरानुसार योग्य भाडे ठरवून द्यावे. वाढीव भाडे द्यायला आम्ही तयार आहोत आणि तसे लेखी संमतिपत्र सोबत जोडले आहे. हेच संमतिपत्र मागच्या पत्रालाही जोडले होते.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला. त्यामुळे बऱ्याच गाड्यांच्या फेऱ्या ऐन कार्यालयांच्या गर्दीत, दाभोळकर कॉर्नर आणि सायबर चौकातून होतात. दुसरी फेरी गाठायची म्हणून पहिली फेरी भरधाव मारली जाते.

आमच्या मागण्या :

1. व्हॅनमधील डिकीतली बैठक आणि रिक्षातली आडवी फळी जागेवर काढून जप्त करावी. केवळ दंड करून गाडी सोडू नये. तपासणी शाळा भरताना आणि सुटताना, फाटकासमोर, पूर्वसूचना न देता व्हावी. फाटकावर ज्या मुलांना उतरवले जाईल त्यांना वर्गापर्यंत आणि घरापर्यंत नेण्याची सोय शाळेने आधीच करून ठेवावी, नाहीतर 'मुलांची गैरसोय होते' या कारणाने पुन्हा मोहीम थांबेल. मागच्या वेळी हेच कारण दिले होते. एकदा फळी सापडलेली गाडी पुन्हा त्याच अवस्थेत सापडली, तर तिचा परवाना निलंबित करावा.

2. मूळ सीटचे पट्टे कव्हरखालून काढून वापरात आणावेत.

3. प्रत्येक शाळेच्या परिवहन समितीच्या बैठकीचे इतिवृत्त सूचना फलकावर लावावे. बैठक झाली नसेल तर तसे लावावे.

4. शालेय व्हॅन म्हणून चालणाऱ्या मारुती ओम्नीचे उत्पादन 2019 मध्येच थांबले. तेव्हा या सर्व जुन्या गाड्यांची आणि त्यांतील गॅस टाक्यांची स्वतंत्र तपासणी व्हावी.

5. पाचगाव व कळंबा मार्गांवर शाळेच्या वेळेत केएमटी बसच्या फेऱ्या वाढवाव्यात.

पहिल्या मागणीवर आम्हाला 'आठ दिवसांत' असे उत्तर नको, तारीख हवी. शाळा सुरू होण्यापूर्वी ती लेखी कळवावी. तसे न झाल्यास शाळेच्या पहिल्या दिवशी आम्ही एक व्हॅन, फळीसह, समितीच्या दारात आणून उभी करू. उपस्थित अधिकाऱ्यांनी त्या फळीवर मागे तोंड करून बसावे आणि बिंदू चौकातून सायबर चौकापर्यंत यावे, अशी नम्र विनंती त्या दिवशी करू. गाडीचे भाडे आम्ही भरू.

कळावे,

आपले विश्वासू,
पालक (सह्यांची यादी सोबत)

सोबत : 1. पूर्वीच्या पत्रांच्या पोचेच्या प्रती. 2. फळ्या व बोल्टच्या भोकांची छायाचित्रे, मुलांचे चेहरे झाकून. 3. वाढीव भाड्याचे संमतिपत्र (दुसऱ्यांदा).