'समाजस्वास्थ्य'ची मुखपृष्ठे

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात 'समाजस्वास्थ्य'चा उल्लेख बहुधा दोन कारणांनी होतो : संततिनियमनाचा प्रचार आणि संपादकावरील खटले. र. धों. कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये सुरू केलेले हे मासिक 1953 पर्यंत, त्यांच्या निधनाच्या वर्षापर्यंत चालले. त्याची तिसरी ओळख मात्र वर्गात क्वचितच सांगितली जाते. ती म्हणजे मुखपृष्ठांवरील विवस्त्र स्त्रीची चित्रे व छायाचित्रे. आमच्या मते ती वगळून 'समाजस्वास्थ्य' शिकवणे म्हणजे त्यातील निम्मा युक्तिवाद गाळणे होय.

कर्वे गणिताचे प्राध्यापक. या प्रचारापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. पदरमोड करून अंक काढणाऱ्या संपादकाने मुखपृष्ठ सहज म्हणून निवडले असेल, असे वाटत नाही. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे त्यांचे प्रतिपादन आतल्या पानांवर शब्दांत येई आणि बाहेर चित्रात.

लक्षणीय बाब अशी की 1931 आणि 1934 चे खटले मजकुरावरून झाले. पहिला व्यभिचारविषयक लेखावरून, दुसरा वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. दुसऱ्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील होते; तरीही दंड झालाच. चित्रावरून नजर वळवता येते, स्पष्ट उत्तर मात्र वाचणाऱ्याचा पिच्छा सोडत नाही, हेच यामागचे कारण असावे.

परंतु गौरवावर थांबणे टीकेला शोभत नाही. स्त्रीच्या लैंगिक स्वातंत्र्याची बाजू इतक्या निर्भीडपणे मांडणाऱ्या या मासिकाचा संपादक पुरुष आणि मुखपृष्ठावरील देह स्त्रीचा. ती स्त्री कोण, तिची संमती कोणी घेतली, तिला मोबदला काय मिळाला? कलात्मक नग्न छायाचित्रे छापणाऱ्या आजच्या स्वतंत्र मासिकांनाही हेच प्रश्न विचारावे लागतील. रवी जाधव यांच्या 'न्यूड' (2018) या चित्रपटाने ते कलाशाळेतील मॉडेलच्या बाजूने विचारले, हे त्याचे मोल.

न्यायालये आता पुष्कळ पुढे आली आहेत. केवळ नग्न आहे म्हणून छायाचित्र अश्लील ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अवीक सरकार खटल्यात म्हटले. सूझा आणि पदमसी यांची सीमाशुल्क विभागाने अडवलेली चित्रे 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सोडवली. वर्गखोली मात्र अजून बिचकते. आम्ही वरणगावकडची माणसे. अजिंठा आम्हांला जवळचा. ती लेणी आधी कुंचल्याने, पुढे कॅमेऱ्याने टिपणारा रॉबर्ट गिल शेजारच्या भुसावळातच चिरनिद्रा घेतो आहे. लेण्यांतील अर्धविवस्त्र आकृतींसमोर आपण विद्यार्थ्यांच्या सहली निःसंकोच उभ्या करतो. दीड हजार वर्षांचे अंतर आणि धर्माचे छत्र असले की देह सोज्ज्वळ होतो. तोच शाईने छापून मासिकावर आला, की शिक्षकाची जीभ अडखळते.

'अश्लील नाही' हे न्यायाधीशाचे उत्तर. समीक्षेचे काम त्यानंतर सुरू होते. 'समाजस्वास्थ्य'चा एखादा अंक मुखपृष्ठासह वर्गात ठेवावा, आतला लेख त्याच्या शेजारी वाचावा, आणि हे चित्र त्या लेखाला बळ देते की छेद देते, हे विद्यार्थ्यांना, विशेषतः विद्यार्थिनींना, ठरवू द्यावे. त्यांचा निर्णय कर्व्यांच्या विरोधात गेला तरी हरकत नाही. वाचकांचे अवघड प्रश्न छापून त्यांना उत्तरे देणाऱ्या संपादकाला तोच योग्य न्याय होईल.