हात धुण्याइतकाच आवश्यक धडा

काही दिवसांपूर्वी सिडकोतील ७२ वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ दवाखान्यात आले. रक्तदाब १९०/११०. गोळ्या नियमित होत्या, मीठही बेताचे होते. बऱ्याच विचारपूशीनंतर खरे कारण कळले. आदल्या दिवशी व्हिडिओ कॉलवरील एका तोतया पोलिसाने ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे धमकावून त्यांना दोन तास खोलीत बसवून ठेवले होते. शाळेतून परतलेल्या सातवीतील नातीने फोन बंद केला. ‘‘आजोबा, असं काही नसतं. बाईंनी सांगितलंय,’’ एवढेच ती म्हणाली.

शाळेने संगणकाविषयी काय शिकवावे, या प्रश्नाचे उत्तर मला त्या वाक्यात सापडले. आपल्याकडे संगणक शिक्षण म्हणजे दीर्घकाळ टंकलेखन, तक्ते आणि ‘एमएस-सीआयटी’चे प्रमाणपत्र असे समीकरण होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे सहावीपासून, कोडिंगची शिफारस केली. ते योग्यच आहे. परंतु औषध देण्यापूर्वी आम्ही पथ्य सांगतो, तसे यंत्र चालवण्याआधी सावधपणा शिकवला पाहिजे.

जेवणापूर्वी हात धुण्याचा धडा मुले शाळेतून घरी आणतात आणि थोरांनाही त्याची आठवण करून देतात. हे धडेही तसेच घरी यावेत. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही. तो पैसे पाठवताना लागतो. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्टच नाही. ओळखीचा आवाज आणि चेहरा आता यंत्राने हुबेहूब बनवता येतो. आणि मोबाइलवर आलेला ‘रक्तदाबाच्या गोळ्या बंद करा’ हा संदेश म्हणजे डॉक्टरांचा सल्ला नव्हे.

तरीही फसवणूक झालीच, तर हृदयविकाराप्रमाणे येथेही पहिला तास मोलाचा असतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वेगाने फिरवले जातात. म्हणून विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करावी आणि बँकेलाही कळवावे. हा क्रमांक औषधांच्या डब्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. फसलेल्या वडीलधाऱ्यांवर रागावू नका. ‘एवढंही कळलं नाही का?’ या एका प्रश्नाच्या धास्तीने ते पुढच्या वेळी गप्प राहतात. त्या गृहस्थांनीही मुलाला काही सांगितले नव्हते; रक्तदाबाने सांगितले.

आणि आजी-आजोबांनो, येत्या रविवारी नातवंडाला शेजारी बसवून विचारा, ‘शाळेत संगणकाच्या तासाला काय शिकवलं?’ यातले काहीच शिकवले नसेल, तर पुढच्या पालकसभेला आपण स्वतः जा आणि तशी मागणी करा.